शोधनिबंधाची नोंद दुरुस्त केली तरी चूक परत येते: मेटाडेटा नेमका कुठे सुधारायचा?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: "ऑर्किडवर नाव सुधारलं, गुगल स्कॉलरवर दोन नोंदी एकत्र केल्या, कॉलेजच्या संग्रहात ग्रंथपालांना सांगून वर्ष बदलून घेतलं. आणि दोन महिन्यांनी सगळं पुन्हा पहिल्यासारखं." ऑर्किड म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक आणि त्याचं प्रकाशनांचं पान; मेटाडेटा म्हणजे निबंधाची ओळख सांगणारी माहिती: लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकार. चुका त्यातल्याच: आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, एकच निबंध दोनदा, परिषदेतला लेख 'पुस्तकातलं प्रकरण' म्हणून. नॅकच्या मूल्यांकनाची किंवा एनआयआरएफच्या क्रमवारीची माहिती भरायची वेळ आली की विभागात हा गोंधळ ठरलेला, आणि कुणीतरी कनिष्ठ प्राध्यापक एक्सेलची शीट घेऊन ओळीओळीने चुका शोधत बसलेला.

दुरुस्ती टिकत नाही, कारण आपण प्रत सुधारतो आणि मूळ नोंद तशीच राहते. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर हातातल्या झेरॉक्सवर पेनाने खाडाखोड करून भागत नाही, फेरफार दप्तरातच व्हावा लागतो. इथेही तेच आहे. फरक इतकाच की शोधनिबंधाचं दप्तर कुठे आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नोंद कुठून कुठे जाते

निबंध पाठवताना ईझीचेअर, सीएमटी किंवा ओपनरिव्ह्यू या निबंध स्वीकारणाऱ्या संकेतस्थळांवर तुम्ही नाव, ईमेल, संस्था भरता. निबंध स्वीकारला गेला की अंतिम प्रत आणि स्वामित्वहक्काचा फॉर्म जातो. या सगळ्यातून प्रकाशक एक एक्सएमएल फाइल तयार करून क्रॉसरेफकडे जमा करतो, आणि त्याच वेळी डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, चालू होतो. क्रॉसरेफ ही प्रकाशकांनीच २००० साली उभी केलेली संस्था. एसीएम, आयईईई, स्प्रिंगर, एल्सव्हिअर हे सगळे तिचे सभासद आहेत. ऑर्किडवर आपोआप येणारी नोंद, ओपनॲलेक्स ही खुली सूची, झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीओआय टाकल्यावर भरली जाणारी माहिती, कॉलेजच्या सॉफ्टवेअरचं 'डीओआयवरून भरा' हे बटण, या सगळ्यांच्या मागे बहुतेक वेळा क्रॉसरेफमधली तीच एक नोंद असते. ती चुकीची असेल तर पुढच्या पन्नास ठिकाणी चूक उतरते, आणि तुम्ही एका ठिकाणी पुसली की पुढच्या वेळी माहिती ओढली जाताना परत येते.

तीन ठिकाणं मात्र आपल्या चालीने चालतात. गुगल स्कॉलर प्रकाशकाच्या पानावरचे मेटा टॅग आणि पीडीएफचा मजकूर स्वतः वाचून नोंद बनवतो. स्कोपस (निबंधांची आणि उद्धरणांची सूची) लेखकांची विभागणी स्वतःच्या गणिताने करतो. आणि डीबीएलपी, जी ट्रिअर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी १९९३ मध्ये सुरू केली आणि आता श्लॉस डागश्टूल ही जर्मन संस्था चालवते, ती तर माणसांनी निगुतीने सांभाळलेली यादी आहे. माझ्या मते संगणकशास्त्रात एखाद्याच्या प्रकाशनांबद्दल सगळ्यात विश्वासाची हीच. म्हणून क्रॉसरेफ आणि डीबीएलपी यांच्यात फरक दिसला तर मी आधी क्रॉसरेफवर संशय घेतो.

पहिलं काम: मूळ नोंद उघडून बघा

कुणालाही ईमेल लिहिण्याआधी हे करा. क्रॉसरेफच्या एपीआयचा (थेट नोंद दाखवणाऱ्या सेवेचा) पत्ता, म्हणजे एपीआय डॉट क्रॉसरेफ डॉट ऑर्ग, त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'वर्क्स', पुन्हा तिरकी रेघ आणि मग तुमचा डीओआय. हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. ब्राउझरमध्ये जेसन मजकूर उघडेल. दिसायला रानटी, पण वाचायला सोपा. त्यात प्रत्येक लेखकाखाली 'गिव्हन' आणि 'फॅमिली' असे दोन रकाने बघा, 'टाइप' बघा, आणि छापील व ऑनलाइन प्रकाशनाच्या तारखा बघा.

डीओआय क्रॉसरेफचाच आहे का, अशी शंका असेल तर डीओआय डॉट ऑर्गच्या पत्त्यापुढे 'आरए' आणि मग डीओआय टाका. नोंदणी करणारी संस्था कोणती ते कळतं. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या प्रीप्रिंटचे, म्हणजे छापण्याआधी खुल्या ठेवलेल्या निबंधांचे, डीओआय क्रॉसरेफचे नसून डेटासाइट या दुसऱ्या नोंदणीसंस्थेचे असतात आणि १०.४८५५० ने सुरू होतात. १०.११४५ म्हणजे एसीएम, १०.११०९ म्हणजे आयईईई, १०.१००७ म्हणजे स्प्रिंगर, हे थोड्या दिवसांत तोंडपाठ होतं. पण उपसर्गावरून आजचा प्रकाशक ओळखायला जाऊ नका. नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी जुने डीओआय बदलत नाहीत.

आता दोनच शक्यता उरतात. मूळ नोंद चुकीची असेल तर प्रकाशकाला लिहायचं. मूळ नोंद बरोबर आणि फक्त एखाद्या यादीत चूक असेल तर त्या यादीवाल्यांकडे जायचं. हा निर्णय न करता सगळीकडे एकदम तक्रारी पाठवल्या की कुठली दुरुस्ती कुणी केली आणि कुणाची कुणी पुसली, काही समजत नाही.

नावं: आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. तीच सवय पुढे विद्यापीठाच्या फॉर्मपर्यंत जाते. मग विद्यार्थी निबंधावर नाव लिहितो, समजा, 'पाटील संजय रामराव'. मध्ये स्वल्पविराम नाही. प्रकाशकाच्या सॉफ्टवेअरला महाराष्ट्र माहीत नाही. त्याच्या लेखी शेवटचा शब्द आडनाव. क्रॉसरेफमध्ये 'फॅमिली'च्या रकान्यात रामराव बसतं, 'गिव्हन'मध्ये पाटील संजय. संदर्भयादीत हा माणूस 'पी. एस. रामराव' होतो आणि आर अक्षराखाली जाऊन बसतो. दुसऱ्या निबंधावर त्याने 'संजय आर. पाटील' लिहिलं, तिसऱ्यावर 'एस. पाटील'. स्कोपसने तीन वेगवेगळ्या लेखकांची पानं उघडली यात नवल नाही, आणि त्याच्यावर चिडण्यातही अर्थ नाही.

संदर्भयादी बनवणारं बिबटेकही असंच करतं. ओरेन पटाश्निक यांचं १९८५ सालचं हे साधन स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव मानतं. उपाय सोपा आहे: बिबटेकमध्ये नाव नेहमी 'आडनाव, नाव' या क्रमाने, स्वल्पविरामासह लिहा. नाईक निंबाळकर, राजे भोसले, प्रभू देसाई अशी दोन शब्दांची आडनावं असतील तर याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर आडनावाचा पहिला तुकडा नावात ढकलला जातो. गोव्यातल्या 'द सोझा'सारख्या नावांत लहान लिपीतलं 'द' बिबटेक आडनावाआधीचा निपात समजतं. बहुतेक वेळा तेच हवं असतं, पण तुमचं कुटुंब ते आडनावाचाच भाग मानत असेल तर पूर्ण आडनाव महिरपी कंसात घाला.

सबमिशनच्या फॉर्मवर 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोन रकाने असतात. तिथे बरोबर भरलं आणि पीडीएफवर उलटा क्रम ठेवला, तरी काही प्रकाशक पीडीएफवरूनच माहिती उचलतात. दोन्हीकडे एकच क्रम हवा. आणि नावाचं एक रूप ठरवा: पूर्ण मधलं नाव, फक्त आद्याक्षर, किंवा मधलं नावच नाही. कोणतं निवडता याला फारसं महत्त्व नाही. पहिल्या निबंधाच्या वेळी ठरवा आणि मार्गदर्शकांनाही सांगून ठेवा, कारण निबंध बहुतेकदा त्यांच्याच खात्यातून जातो आणि सगळ्या सहलेखकांची नावं ते आठवणीने टाइप करतात.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचा प्रश्न थोडा वेगळा. ऑर्किडवर 'याही नावाने ओळखले जाते' या रकान्यात जुनं नाव टाकता येतं. ते जरूर टाका, शोधताना मदत होते. पण त्याने आधी छापलेल्या निबंधांवरचं नाव बदलत नाही. निबंधांवरचंच नाव बदलून हवं असेल तर प्रकाशकाचं नाव-बदल धोरण विचारा. एसीएमकडे असं धोरण आहे, भाषातंत्रज्ञानाच्या निबंधांचा मोठा संग्रह असलेल्या एसीएल अँथॉलॉजीकडेही आहे. स्पष्टच सांगायचं तर मला यातला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे प्रकाशनांसाठी एकच नाव कायम ठेवणं वाटतो. आधार कार्डावर काय आहे याच्याशी निबंधाचा संबंध नाही. पण हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि नाव बदललं म्हणून कुणाची जुनी कामं तुटून पडू नयेत एवढी काळजी यंत्रणेने घ्यायला हवी.

आता समान नावांचं. कुलकर्णी, जोशी, पाटील, देशमुख आणि त्यांच्यासोबत अमित, संदीप, प्रिया ही नावं. एकाच विभागातही दोन माणसं सापडतील. डीबीएलपी अशा वेळी नावापुढे ०००१, ०००२ असे चार अंकी क्रमांक लावते. 'वेई वांग' या चिनी नावाची अशी शंभराहून जास्त पानं तिथे आहेत, म्हणजे आपण एकटे नाही. तुमच्या पानावर दुसऱ्याचा निबंध आला असेल तर डीबीएलपीच्या चमूला ईमेल करा: तुमचं पान, चुकीचा निबंध, आणि तुमची स्वतःची प्रकाशनयादी जिथे आहे तो पत्ता. ऑर्किड असेल तर तोही द्या, कारण दोन माणसं वेगळी करताना ते लोक त्याचा आधार घेतात.

ऑर्किड असूनही नोंद चुकते ती का

ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड सुरू झालं तेव्हा हा नावांचा प्रश्न मिटलाच असं अनेकांना वाटलं. सोळा वर्णांचा क्रमांक, शेवटचा वर्ण पडताळणीचा. तो कधीकधी एक्स असतो, ती टायपिंगची चूक नव्हे. एखादा अंक चुकला तर पडताळणीत पकडला जातो. पण दुसऱ्याच माणसाचा पूर्ण बरोबर क्रमांक चिकटवला तर कोणतंही गणित ते पकडू शकत नाही. म्हणून क्रमांक टाइप करू नका. सबमिशनच्या वेळी 'ऑर्किडने लॉगिन करा' हा पर्याय असेल तर तोच घ्या, आणि सहलेखकांनाही घ्यायला लावा. कित्येक प्रणाली फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचाच ऑर्किड मागतात. बाकीच्यांचा क्रमांक क्रॉसरेफपर्यंत पोचतच नाही, आणि मग त्यांच्या पानावर निबंध आपोआप येत नाही.

ऑर्किडवरच्या प्रत्येक नोंदीखाली तिचा स्रोत लिहिलेला असतो. वारंवार परत येणाऱ्या चुकीचं उत्तर बहुतेकदा त्या एका ओळीत मिळतं. स्रोत 'क्रॉसरेफ' असेल तर ती नोंद तुम्हाला बदलता येत नाही; काढून टाकता येते, किंवा तिची प्रत करून प्रत सुधारता येते. लोक प्रत सुधारतात आणि चुकीची क्रॉसरेफची नोंदही तशीच ठेवतात, मग दोन्ही दिसतात. उलट प्रकारही घडतो: प्रकाशकाने मूळ नोंद सुधारली, पण तुम्ही आधी हाताने टाकलेली चुकीची प्रत अजून पानावर आहे. मूळ नोंद बरोबर झाली की हाताने टाकलेली प्रत काढून टाका. शक्यतो नोंदी हाताने टाकूच नका.

गुगल स्कॉलरवर वेगळी कळ आहे. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये नवे लेख आपोआप घ्यायचे की आधी ईमेलने विचारायचं, हे ठरवता येतं. आपोआपचा पर्याय चालू असेल तर तुमच्याच नावाच्या माणसाचा शेतीवरचा निबंध तुमच्या पानावर येऊन बसतो, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त उद्धृत झालेला असतो. हा पर्याय बंद करा.

एकच निबंध दोनदा: आर्काइव्ह आणि परिषद

संगणकशास्त्रात निबंध आधी आर्काइव्हवर टाकायचा आणि मग परिषदेत पाठवायचा, ही आता रीतच झाली आहे. आर्काइव्ह १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रासाठी सुरू केलं. संगणकशास्त्राचा कोअर हा विभाग १९९८ मध्ये जोडला गेला. २०२२ पासून आर्काइव्ह प्रत्येक निबंधाला स्वतःचा डीओआय देतं. त्यामुळे एका कामाचे दोन वैध डीओआय असतात: एक आर्काइव्हचा, एक प्रकाशकाचा. डीबीएलपी दोन्ही दाखवते, पण कोअरमधली नोंद अनौपचारिक प्रकाशन म्हणून वेगळ्या वर्गात ठेवते. ही चूक नाही. दोन आवृत्त्या खरोखर वेगळ्या असतात, कधी लेखकही वेगळे असतात, आणि शीर्षक तर परीक्षकांच्या सांगण्यावरून बदलतंच.

चूक होते ती यादीत दोन्ही एकसारख्या मोजल्या जातात तेव्हा. मला यात सर्वात दोषी वाटतो तो आपल्या फॉर्ममधला 'डीओआय अनिवार्य' हा रकाना. आयसीएमएलची कार्यवृत्तं पीएमएलआर या मालिकेत येतात, तिथे डीओआय नसतो. आयसीएलआरचे निबंध ओपनरिव्ह्यूवर असतात, तिथेही नाही. युझनिक्सही देत नाही. या क्षेत्रातल्या अव्वल परिषदा आहेत या. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून माणूस आर्काइव्हचा डीओआय तिथे चिकटवतो, आणि सॉफ्टवेअर त्या डीओआयवरून माहिती ओढून निबंधाला प्रीप्रिंट ठरवतं. आयसीएमएलमध्ये निबंध लागलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे 'अप्रकाशित' अशी नोंद! यादी ज्यांच्या हातात आहे त्यांनी हा रकाना ऐच्छिक करून शेजारी 'अधिकृत पानाचा पत्ता' असा रकाना ठेवावा.

लेखकाने करायचं काम छोटं आहे. परिषदेची आवृत्ती प्रसिद्ध झाली की आर्काइव्हच्या खात्यात जाऊन 'जर्नल रेफरन्स' आणि 'डीओआय' हे दोन रकाने भरा. त्यासाठी नवी आवृत्ती चढवावी लागत नाही. शीर्षक बदललं असेल तर मात्र शेवटची आवृत्ती नव्या शीर्षकासह चढवा, कारण गुगल स्कॉलर दोन्ही नोंदी जोडताना शीर्षकावर बराच विसंबतो. तरीही नाही जुळल्या तर तुमच्या प्रोफाइलमध्ये दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा. ऑर्किडवर दोन वेगळे डीओआय असलेल्या नोंदी आपोआप एकत्र येत नाहीत, तिथे त्या हाताने जोडाव्या लागतात.

लेख की प्रकरण, आणि वर्ष कुठलं

स्प्रिंगरची 'लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स' ही मालिका १९७३ पासून चालू आहे. तिच्यात येणारे परिषदांचे निबंध क्रॉसरेफमध्ये 'पुस्तकातील प्रकरण' या प्रकाराने जमा होतात, कारण प्रकाशकाच्या दृष्टीने प्रत्येक खंड हे पुस्तक आहे. झोटेरोत डीओआय टाकलात की 'बुक सेक्शन' येतं. डीबीएलपीत तोच निबंध परिषदेचा लेख. बढतीच्या फॉर्ममध्ये या दोन्हींचे रकाने वेगळे, म्हणून वाद. प्रकाशकाला लिहून उपयोग नाही, त्यांच्या लेखी नोंद बरोबर आहे. तुमच्या झोटेरोत प्रकार 'कॉन्फरन्स पेपर' करा, परिषदेचं पूर्ण नाव घाला आणि मालिकेचं नाव मालिकेच्या रकान्यात ठेवा. पडताळणीच्या वेळी डीबीएलपीचं पान जोडा.

याच्या उलट प्रकार व्हीएलडीबी या डेटाबेसवरच्या परिषदेचा. २००८ पासून तिचे निबंध 'प्रोसीडिंग्ज ऑफ द व्हीएलडीबी एंडोमेंट' या नियतकालिकात छापले जातात. प्रोग्रॅमिंग भाषांवरची पॉपल ही परिषदही एसीएमच्या तशाच एका नियतकालिकात गेली, ते २०१७ मध्ये सुरू झालं. निबंध वाचला परिषदेत, छापला नियतकालिकात. बिबटेकमध्ये तो 'आर्टिकल'च. तिथे 'इनप्रोसीडिंग्ज' लिहाल तर खंड आणि अंक क्रमांक छापलेच जाणार नाहीत, अशा शैली आहेत.

वर्षाबद्दल थोडक्यात: ऑनलाइन आधी आणि अंक नंतर, असं असेल तर क्रॉसरेफमध्ये दोन्ही तारखा असतात. डिसेंबरच्या परिषदेचा खंड पुढच्या वर्षी छापला जाणंही नेहमीचं. फॉर्म कोणती तारीख मागतो ते वाचा आणि तीच द्या. तुमच्या संग्रहात दोन्ही ठेवा.

बिबटेकमधली लहान-मोठी अक्षरं

'बर्ट' किंवा 'मराठी' शीर्षकात लहान अक्षरांत छापलं जातंय, ही तक्रार इतकी जुनी आहे की आश्चर्य वाटतं अजून कुणी विचारतं याचं. बिबटेकच्या बऱ्याच शैली पहिला शब्द सोडून बाकी शीर्षक लहान लिपीत करतात. जो शब्द मोठ्या लिपीत हवा तेवढाच महिरपी कंसात घाला. पूर्ण शीर्षक कंसात घालू नका. मग शैलीला काहीच करता येत नाही आणि अर्धी यादी एका पद्धतीने, अर्धी दुसऱ्या. बिबटेकची नोंद घ्यायचीच तर डीबीएलपीवरून घ्या. गुगल स्कॉलरच्या नोंदीत डीओआय नसतो आणि परिषदेचं नाव बरेचदा तुटलेलं असतं.

शीर्षकात 'आणि'च्या खुणेऐवजी 'ॲम्प' आणि अर्धविराम दिसतो? प्रकाशकाने एक्सएमएलसाठी ती खूण दोनदा बदलली. मूळ नोंदीतच दोष आहे, प्रकाशकाला लिहा.

संस्थेचं नाव

एकाच विद्यापीठाचे निबंध पाच नावांखाली विखुरतात, याला आपणच जबाबदार नाही, इतिहासही आहे. पूना विद्यापीठ, मग पुणे विद्यापीठ, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचं १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. व्हीजेटीआय हे लघुरूप तेवढं टिकलं. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची विद्यापीठं तर एकाहून अधिक आहेत. लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांचे निबंध एकमेकांत मिसळलेले मी पाहिले आहेत.

यासाठी २०१९ पासून रॉर ही संस्थांच्या ओळखक्रमांकांची खुली सूची आहे. एका क्रमांकाखाली जुनी नावं, लघुरूपं, इतर भाषांतली नावं नोंदवता येतात. तुमच्या संस्थेचं पान उघडून जुनी नावं आहेत का बघा. नसतील तर बदल सुचवण्याचा फॉर्म आहे आणि तो कुणालाही भरता येतो. पीडीएफवर मात्र एकच अधिकृत इंग्रजी नाव लिहा. संलग्न महाविद्यालय असेल तर महाविद्यालयाचं नाव आधी, विद्यापीठाचं नंतर. नुसतं 'पुणे विद्यापीठ' लिहिलंत तर महाविद्यालयाच्या हाती काही लागत नाही.

कॉलेजच्या संग्रहात चूक परत येत असेल तर

बहुतेक ठिकाणी डीस्पेस हे संग्रह चालवायचं सॉफ्टवेअर असतं. प्रबंधांचा संग्रह असलेली शोधगंगाही त्यावरच उभी आहे. त्याची भाषा म्हणजे डब्लिन कोअर, १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून आलेले पंधरा रकाने. साधेपणा हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. 'क्रिएटर' हा एकच रकाना, त्यात नाव आणि आडनाव वेगळं नाही, म्हणून 'आडनाव, नाव' हा क्रम स्वल्पविरामासह पाळणं पूर्णपणे माणसावर. 'डेट' एकच, मग ती छापील की ऑनलाइन हे ज्याने भरलं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या संस्थेने ओएआय-पीएमएच या पद्धतीने तुमचा संग्रह ओढून नेला तर त्यांच्याकडे हे ढोबळ रूपच जातं, आतमध्ये तुम्ही कितीही बारकाईने रकाने केले असले तरी.

दुबार नोंदी पकडल्या जात नाहीत त्याचं कारण हमखास डीओआय लिहिण्याच्या तऱ्हा. एकाने पूर्ण पत्ता लिहिला, एकाने जुना 'डीएक्स' असलेला पत्ता, एकाने 'डीओआय' शब्द आणि अपूर्णविराम (कोलन), एकाने वाक्यातून उचलताना शेवटचा पूर्णविरामही सोबत आणला. सगळं एका साच्यात आणा: पत्ता नको, फक्त १०ने सुरू होणारा भाग, सगळी अक्षरं लहान लिपीत. डीओआयमध्ये लहान-मोठ्या लिपीचा भेद मानत नाहीत, म्हणून हे सुरक्षित आहे. एवढं करून त्या रकान्यावर यादी क्रमाने लावली की दुबार नोंदी शेजारी शेजारी येतात.

प्रकाशकाला काय लिहायचं

आधी एक गोष्ट तपासा. पीडीएफ बरोबर आणि फक्त मेटाडेटा चुकीचा आहे, की पीडीएफमध्येच चूक आहे? पहिल्या प्रकारात प्रकाशकाला फक्त नोंद पुन्हा जमा करायची असते. दुसऱ्या प्रकारात ते शुद्धिपत्रक होतं, संपादकांची परवानगी लागते, वेळ लागतो. हे न सांगता 'नाव चुकलं आहे, सुधारा' एवढंच लिहिलं तर ईमेल शुद्धिपत्रकाच्या रांगेत जातो आणि महिनोन्‌महिने पडून राहतो.

ईमेल छोटा ठेवा. डीओआय, क्रॉसरेफच्या नोंदीत आता काय आहे, काय असायला हवं, पीडीएफच्या पहिल्या पानाची प्रत. "पीडीएफ बरोबर आहे, फक्त क्रॉसरेफमधली नोंद पुन्हा जमा करावी" हे वाक्य स्पष्ट लिहा. अनेक निबंध असतील तर तक्ता जोडा. एसीएल अँथॉलॉजीच्या बाबतीत ईमेलही नको; त्यांचा मेटाडेटा गिटहबवर उघडा आहे आणि निबंधाच्या पानावरूनच दुरुस्ती सुचवता येते. स्कोपससाठी लेखकांच्या प्रोफाइल दुरुस्तीचा स्वतंत्र फॉर्म आहे, आणि एनआयआरएफ स्कोपस व वेब ऑफ सायन्सवरून मोजतं म्हणून तो टाळू नका.

उत्तर आलं की क्रॉसरेफची नोंद परत उघडा आणि 'डिपॉझिटेड' ही तारीख बघा. ती पुढे सरकली असेल तर प्रकाशकाने खरोखर नवी नोंद पाठवली. शेजारच्या 'इंडेक्स्ड' तारखेवर जाऊ नका, ती मजकूर न बदलताही सरकते. मगच ऑर्किड, झोटेरो आणि कॉलेजच्या संग्रहातल्या प्रती नव्याने ओढा. आधी ओढल्या तर जुनी चूकच पुन्हा आत येईल.

डीओआय उघडतच नाही तेव्हा

डीओआय डॉट ऑर्गवर टाकल्यावर 'सापडला नाही' असं आलं तर काही दिवस थांबा. निबंध पानावर आधी चढतो आणि नोंद नंतर जमा होते, असं होतं. तरीही उघडत नसेल आणि क्रॉसरेफ किंवा डेटासाइट कुणाकडेच नसेल, तर तो अंक डीओआय नाहीच, डीओआयसारखा दिसणारा छापील मजकूर आहे. शुल्क घेऊन पटकन निबंध छापणाऱ्या काही नियतकालिकांवर आणि परिषदांच्या खंडांवर असे अंक सर्रास दिसतात. अशा निबंधाला दुरुस्त करण्यासारखी मूळ नोंदच नसते. यादीत डीओआयचा रकाना रिकामा ठेवा आणि छापील खंडाची माहिती द्या: संपादक, आयएसबीएन किंवा आयएसएसएन, पृष्ठं. तो अंक रकान्यात टाकलात तर पडताळणी करणारा आधी तोच उघडून बघेल.